निवडुंगाला पंचामृत

"बरं आहे," असं ते म्हणायचे. मान एका बाजूला कललेली, दोन्ही हात पाठीमागे, आणि आवाज असा की समोरच्यानं आपला उत्साह गुपचूप पिशवीत भरून घरी न्यावा. त्यांच्या मुलानं त्यांना उकळत्या पाण्याची कुंडं दाखवली. बरं आहे. बर्फाचे डोंगर दाखवले, त्यासाठी विमानाची तिकिटं काढली. बरं आहे. समुद्रात देवमासा वर आला, बोटीतली माणसं ओरडली, एक बाई तर रडलीच म्हणे, यांनी मुलाला विचारलं, "परत कधी निघायचं?"

असा एखादा गृहस्थ तुमच्याही पाहण्यात असेल. पण हा गृहस्थ एका गोष्टीपुढे "वा" म्हणायचा. रोज. आणि ती गोष्ट देवमाशाहून कमी गुळगुळीत होती.

आम्ही सातासमुद्रापलीकडे, टाकानिनी नावाच्या गावात राहतो. नवी वसाहत, सगळी घरं एका साच्यातली, सगळी राखाडी. इतकी सारखी की पहिल्या महिन्यात मी शेजाऱ्यांच्या दाराला आपली किल्ली लावून पाच मिनिटं सुनेला नावं ठेवत होते. इथं आम्ही पाचजण सकाळी फिरायला जायचो. सगळे मुलांकडे आरामाला आलेले. आराम म्हणजे सकाळी नातवंडांचे डबे, दुपारी कपड्यांच्या घड्या, आणि मधूनमधून "आई, तुम्ही बसा ना" हे उभ्यानं ऐकायचं. पाचांतले चार रस्ताभर गुडघ्यांवर बोलायचो. पाचवे हे "बरं आहे"वाले भाऊ. हे गप्प.

वसाहतीच्या टोकाला एकच जुनं घर उरलं होतं, लाकडी, रंग उडालेलं. पुढच्या अंगणात गवताची काडी नाही, नुसते पांढरे खडे. आम्ही त्याला वाळवंट म्हणायचो. आणि त्या वाळवंटाच्या मधोमध तो निवडुंग. छपराच्या पन्हाळीच्याही वर गेलेला, पण सरळ वाढेल तर शपथ! एक हात कमरेवर. दुसरा खाली जमिनीपर्यंत येऊन, विचार बदलून परत वर गेलेला. आणि डोक्यावर एवढा मोठा सुरकुतलेला तुरा, कोंबड्यासारखा. नळावर भांडायला उभी राहिलेली बाई जशी दिसते ना, अगदी तसा. मला तर पहिल्याच दिवशी ओळखीचा वाटला.

हे तिथं थांबायचे. टोपी काढायचे, हात पाठीमागे घ्यायचे आणि म्हणायचे, "वा."

मी एकदा विचारलं, "भाऊ, एवढं काय आहे हो त्यात?"

"ताई, हितं सगळं हिरवं. बघंल तिकडं हिरवं. कुणी काय केलंय हिरवं व्हायला? पाऊस पडतोय, होतंय. ह्यानं मात्र कमवलंय."

सांगोल्याकडचे होते. सगळी नोकरी सरकारी रोपवाटिकेवर गेली, तीसुद्धा अशा मुलखात जिथं टँकर आला की माणसं आधी आणि रोपं नंतर. त्यामुळे झाडांचं कळायचं. माणसांचंही कळायचं, पण ते सांगत नसत. मी मात्र जे कळत नाही तेही सांगते, म्हणून आमचं जमलं असावं.

त्या घराची मालकीण एक जाडजूड गोरी म्हातारी. बारा महिने पायात जँडल्स, म्हणजे आपल्या रबरी चपला, थंडीतही. तिच्या नवऱ्यानं अंगठ्याएवढं रोप लावलं होतं, तेव्हा इथं घोड्यांची कुरणं होती. नवरा गेला, घोडे गेले, आमची राखाडी घरं आली, निवडुंग राहिला. ती बाहेर आली की "किया ओरा" म्हणायची, म्हणजे इथला नमस्कार. मग ती इंग्रजीत आणि हे मराठीत, अर्धा अर्धा तास बोलायचे. एकमेकांचं एक अक्षर कळत नसे, त्यामुळे मतभेद असे कधी झालेच नाहीत.

आता माझा पराक्रम ऐका.

माझ्या बाळकृष्णाला मी रोज अभिषेक करते. दूध, दही, तूप, मध, साखर. ते तीर्थ काही सिंकमध्ये ओतायचं नसतं, झाडाला घालायचं असतं. माझी तुळस पहिल्याच थंडीत गेली. मागच्या अंगणात सिमेंट, आणि जे हातभर गवत आहे तिथं शेजारचा कुत्रा सकाळचा कार्यक्रम उरकतो. घालू कुठे? त्या उन्हाळ्यात पाऊस नव्हता, सगळीकडचं गवत वाळलेलं, आणि हा निवडुंग खड्यांत तळत उभा. मला दया आली. दया येणं हा माझा जुनाच आजार. मी तीर्थ पाण्याच्या बाटलीत भरून फिरायला न्यायला लागले. बाकीचे चौघे पुढे गेले की बुटाची नाडी बांधायला वाकायचे आणि बाटली बुंध्याशी रिकामी करायचे. उन्हाळाभर. पुढे पाऊस सुरू झाला तरी. देवाचं काम, त्याला सुट्टी कशी देणार?

एके दिवशी हे "वा" म्हणाले नाहीत. खाली बसले. बुंध्याशी बोटानं दाबून पाहिलं, वास घेतला. मग शांतपणे म्हणाले, "मऊ लागतंय. मुंग्या हायत. कुणीतरी ह्याला पंचामृत घालतंय."

आम्ही सगळे आभाळाकडे बघायला लागलो. आणि सगळ्यांत मोठ्यानं कोण बोललं असेल? "कोण हो असं करणारं! परक्याच्या झाडाला? जनाची नाही तर मनाची तरी!" मीच. तावातावानं. एक आजोबा तर म्हणाले, "ताई, इतकं मनाला लावून घेऊ नका."

घरी येऊन मी जेवले नाही. नातीला म्हटलं, समजा एखाद्यानं कॅक्टसला रोज थोडं थोडं दूधपाणी घातलं तर? ती मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, "आजी, दॅट्स हाऊ यू किल इट." एवढं मोठं झाड, आणि निकाल इतका छोटा.

मी ओतणं थांबवलं, पण मऊपणा थांबला नाही. तांबूस डाग वर चढत गेला. पंधरा दिवसांत निवडुंग छपराकडे झुकला. म्हातारी घाबरली. पडला तर छप्पर तरी जाणार नाहीतर रस्त्यानं चालणारा माणूस तरी. तिनं झाड पाडणाऱ्याला बोलावलं. तो शुक्रवारी सकाळी येणार होता.

गुरुवारी हे माझ्या दारात. पहिल्यांदाच.

"ताई, पाव कापायची सुरी हाय का? दात्याची? आणि जुनी सतरंजी. आमच्या घरात मला सुरीला हात लावू देत नाहीत."

मी सुरी दिली, सतरंजी दिली आणि मागोमाग स्वतःही गेले. यांनी म्हातारीला हातवारे करून सांगितलं: खोड गेलं, हात चांगले आहेत. ती म्हणाली, "स्वीट ॲज," म्हणजे चालेल, आणि डोळे पुसत शिडी घेऊन आली. भाऊंचं वय वर्षं शहात्तर, आणि हे शिडीवर. मी खालून शिडी धरून देवाचा धावा करत होते. त्याच देवाचा, ज्याच्या तीर्थानं ही वेळ आणली होती! सतरंजीत गुंडाळून एकेक हात उतरवला. कमरेवरचा, विचार बदललेला, आणि तुऱ्याचा एक तुकडा. काट्यांनी त्यांचे दोन्ही हात रक्ताळले. इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

शुक्रवारी उरलेलं खोड दहा मिनिटांत भुईसपाट झालं. आत सगळा लगदा.

कापलेले हात म्हातारीच्या गॅरेजमध्ये आडवे ठेवले होते. "जखम वाळू द्यायची," ते म्हणाले. "ओली मातीत गेली की संपलं." जखमा वाळल्यावर एक हात त्यांनी म्हातारीच्या खड्यांत लावला, एक डेअरीवाल्याच्या, म्हणजे इथल्या कोपऱ्यावरच्या वाण्याच्या, दुकानामागे. आणि तुऱ्याचा तुकडा हलक्या दगडाच्या चुऱ्यात बसवून, बादलीसकट माझ्या दारात आणून ठेवला.

"हे तुम्ही सांभाळा."

मला राहवलं नाही. "भाऊ, ते पंचामृत…"

"ठाऊक हाय."

"कधीपासून?"

"मुंग्या बघितल्या त्याच दिवशी. तुमच्या बाटलीला पण हुत्या."

"मग तेव्हाच चार शब्द सुनावायचे ना मला!"

"तुम्हीच स्वतःला इतकं सुनावत हुता, मला जागाच कुठं ठेवली?" मग बादलीकडे बघून म्हणाले, "तुमच्याएवढी काळजी दुसरं कुणी घेणार नाही. म्हणून सांगतो, घेऊ नका. पाणी मी सांगंन तेव्हा."

मी चहा टाकला. चहा पिताना ते आपणहून बोलले, आणि हेही पहिल्यांदाच. मुलगा फार चांगला. सकाळी गोळी, दुपारी गोळी. पायात मोजे. मनगटावर पावलं मोजायचं घड्याळ. खुर्चीतून उठलं की आतून आवाज, "बाबा, कुठे?" शिडीचं कळलं तेव्हा पोरगा रडला. रागावला असता तर बरं झालं असतं, म्हणाले.

"मी गावाकडं जातो, ताई. बुडाशी मऊ व्हायच्या आत."

पोराला कसं पटवलं ते मला माहीत नाही. महिन्याभरात गेले. विमानतळावर मुलानं मानेची उशी, गोळ्यांचा डबा आणि तीन जोड मोजे दिले. उशी यांनी मला देऊन टाकली. अजून आहे. बरी आहे.

मग दर रविवारी त्यांचा फोन. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"पाणी?"

"नाही घातलं."

"बरं आहे."

एवढंच. सूनबाईला वाटायचं, भारतात कोणाच्या तरी नळाची तक्रार चालली आहे. मी एकदा म्हटलं, अहो, दोन महिने झाले, सुरकुत्या पडल्यात त्याला. म्हणाले, "मला बी पडल्यात. मी सांगंन तेव्हा."

मग एका रविवारी फोन आला नाही. बुधवारी त्यांचा मुलगा दारात उभा, ऑफिसचं कार्ड गळ्यात तसंच. "काकू, बाबा गेले." दुपारी अंगणात बाजेवर पडले होते, तसेच. पायात मोजे नव्हते. तो जायला निघाला होता, दोन दिवसांनी पोचणार होता. "इथं असते तर मी किती केलं असतं हो त्यांचं," तो म्हणाला. मी त्याला बसवलं, जेवायला वाढलं, नको म्हणाला तरी वाढलं. आजार जुना आहे म्हटलं ना.

दहाव्या दिवशी तिकडे त्यांना पाणी दिलं असणार. गेलेल्या माणसाला शेवटी पाणीच तर द्यायचं असतं, दुसरं काय उरतं? मला वाटलं, आपणही द्यावं. सकाळी अंघोळ केली, तांब्या भरला आणि मागच्या अंगणात बादलीपाशी आले.

तुऱ्याच्या कडेला नखाएवढा नवा कोंब फुटला होता. हिरवा. आणि निघाला होता तोही तिरकाच, सरळ भिंतीकडे.

तांब्या तिरका केला होता मी. पण त्यांनी सांगितलं नव्हतं ना अजून.

तांब्याचा हात मी हळूच पाठीमागे नेला, दुसऱ्या हाताला दिला आणि तशीच उभी राहिले. पाणी थोडं हिंदकळलं आणि माझ्याच टाचेवर सांडलं.