वालधुनीकाठचा अंबरनाथ

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. तुम्हाला सांगतोय, कारण — कारण तुम्ही माझ्या दमणीत कधी बसला नाहीत.

आधी दमणीचंच ऐका. कल्याण स्टेशनाबाहेर बैलांच्या दमण्या भाड्याने मिळतात. मुंबईची माणसं सकाळच्या आगगाडीने येतात, दिवसभरासाठी एक ठरवतात, टिटवाळ्याचा गणपती नाहीतर अंबरनाथाचं देऊळ पाहतात आणि संध्याकाळी परत. त्या रांगेत माझी दमणी आली की बाकीचे आपले बैल जरा मागे घेत. उगीच नाही. हरण्या आणि चांद्या — अशी जोडी ठाण्यापासून कसाऱ्यापर्यंत नव्हती. शिंगं रंगवलेली, गळ्यात पितळी घुंगरं, पाठीवर माशी बसली तर घसरेल. माझ्या सवारीची परतीची गाडी कधी चुकली नाही. बढाई मारतोय असं वाटतं? मारतोयच. पण खरी आहे.

आता त्या बाईंचं. गिरगावातल्या म्हाताऱ्या बाई, सोबत सून. दोघींनीही मुंबईबाहेर कधी पाऊल टाकलेलं नव्हतं. बाईंचा मुलगा तान्हा असताना फार आजारी पडला, तेव्हा त्यांच्या सासूने अंबरनाथाला नवस बोलला होता — पोर जगू दे, दुधाचा अभिषेक करीन. पोर जगलं. सासू मात्र नवस न फेडताच गेली, आणि जाताना तो बाईंच्या गळ्यात टाकून गेली. म्हणून बाई आल्या होत्या. दूध हिंदकळू नये म्हणून तांब्या मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. आणि मी काय केलं? शर्यत लावली.

पदूची दमणी मागून आली. स्टेशनावर त्याची नि माझी चुरस जुनी. तो बाजूला आला तसा माझा कासरा आपोआप ढिला झाला. आपोआप कसला — मीच सोडला. जोडी अशी उधळली की पदू धुळीत गेला, आणि अर्धं दूध बाईंच्या लुगड्यावर. मग वालधुनीच्या काठी दगडाला खूर लागून चांद्याच्या खुराची लोखंडी पत्री उडाली आणि तो — तो लंगडला.

पदू येऊन थांबला. तो कुणाला तरी आणायला रिकामाच अंबरनाथाला निघाला होता. “कं रं, बैल थकला कं? दे तुजी सवारी माजे गारीन!”

तो टोमणा नव्हता, हे आज कळतं. पण माझी सवारी पदूच्या दमणीत? स्टेशनावर तोंड कुठं दाखवलं असतं? शेजारी झाडाखाली महादेवाची एक घुमटी होती, गुराखी सावलीला बसायचे तिथे. मी हसून म्हणालो, आम्हाला इथंच यायचं होतं. पदू गेला.

बाईंनी ते ऐकलं. आलं का अंबरनाथ, त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो.

एवढंसं? सून म्हणाली. देव मोठा, देऊळ लहान, मी म्हणालो. जीभ काय चालायची माझी! बाई म्हणाल्या, सासूबाई सांगायच्या, तिथे गाभाऱ्यात पायऱ्या उतरून जावं लागतं. त्या गाळाने बुजल्या, मी म्हणालो. त्यांनी मान हलवली. उरलेलं दूध पिंडीवर घातलं, कपाळ टेकलं आणि रडल्या. सासूबाई, सुटलात हो, म्हणाल्या. मी बाहेर चांद्याच्या खुराला फडकं बांधत होतो, तिथवर ऐकू आलं. तेव्हा तरी सांगता आलं असतं — नाही का?

दमणी सावकाश हाकत नेली, तरी परतीची गाडी मिळाली. बाईंनी गिरगावात माझ्या जोडीची इतकी तारीफ केली की कितीक घरं माझं नाव विचारत आली. त्यांना मी खऱ्या अंबरनाथाला नेलं. त्यांच्यातल्याच कुणीतरी बाईंना सांगितलं असावं, की पायऱ्या तर चांगल्या धड आहेत. कारण पुढल्या शिवरात्रीच्या आधी बाई कल्याणला उतरल्या. या वेळी एकट्याच. हातात तोच तांब्या. रांगेत पदूही होता, पण त्या माझ्याच दमणीत बसल्या.

देवळाच्या भिंतींवरचं कोरीव काम त्या कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग भिंतीला धरून एकेक पायरी उतरून खाली गेल्या. मी वरच उभा राहिलो. परत स्टेशनावर उतरल्यावर चांद्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, “अरे, बैल लंगडत होता ते मला तेव्हाच दिसलं होतं. बोलला असतास, तर मी चालत गेले असते.”

चुकलो, एवढंही मी म्हणालो नाही.

हरण्या-चांद्या आता राहिले नाहीत. पण स्टेशनाबाहेर नवे दमणीवाले अजून सांगतात, ती जोडी कधी म्हणून लंगडली नाही. मी तिथेच बसलेला असतो. ऐकतो, आणि मिशीला पीळ देतो.