मनवेल अंकलचा रविवार

मनवेल अंकल कुणाच्याही घरी गेले की बेल वाजवण्याआधी दाराच्या कडेवरून अंगठा फिरवायचे. ओमानमधल्या आमच्या अल हैलच्या फ्लॅटच्या दारावर तर दर शुक्रवारी. "अजून घासायला पायजे होतं," एवढं म्हणून मग बेल. ते वसईचे ख्रिस्ती, रुसैलच्या एका फर्निचर कारखान्यात सुतार होते. माझे अब्बा त्याच कारखान्याच्या कामगारांची बस चालवतात. शुक्रवारी चर्चमधून अंकल थेट आमच्याकडे जेवायला यायचे. आता ते वसईला परतलेत.

त्यांची मुलगी सिल्विया माल्टा नावाच्या बेटावर नर्स आहे. लहानपणी ती फोनवर म्हणायची, "पप्पा, तुमच्या ओमानात येशू नुसता मरतो, उठत नाय." अंकल हे हसत सांगायचे, पण दर वर्षी सांगायचे. त्याचा अर्थ मी कधी विचारला नाही.

दोन वर्षांपूर्वी सिल्वियाने त्यांना ईस्टरला बोलावलं. बावीस वर्षांत बापलेकींनी हा सण एकत्र केला नव्हता. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, म्हणून रजेचा अर्ज लिहायला माझ्याकडे आला.

"असं इंग्लिश घाल बाय, मॅनेजर वाचून उभाच राहिला पायजे."

त्यांना मी चर्चला जाताना पाहिलं होतं ते शुक्रवारीच. म्हणून सणही शुक्रवारचा, असं मी धरून चालले. इथे शुक्रवार-शनिवार सुट्टी असतेच. बुधवार आणि गुरुवार मागितले, आणि रविवारी सकाळी कामावर हजर होईन, असं स्वतःहून लिहून दिलं. अर्ज मंजूर झाला. शिक्का बसलेला कागद अंकल बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, इंग्लिश आवडलं.

परत आल्यावरच्या शुक्रवारी ते जेवताना अब्बांना सांगत होते, "इंग्लिश येत नाय म्हणून घाबरलो होतो. पण तिथे आपली अरबी चालली! देवाला अल्ला म्हणतात. ख्रिस्ती असून!"

"मग नमाज पढून आलास की काय?" अब्बा म्हणाले.

"तू आधी चर्चमध्ये मिस्साला ये, मग सांगतो."

गुड फ्रायडेला तिथे माणसं येशूच्या दुःखाचे मोठमोठे पुतळे खांद्यावरून नेतात. अंकलनी गर्दीत घुसून पुतळ्याच्या दांड्यावर अंगठा फिरवला होता. "कुठेच अडकला नाय," ते म्हणाले. "गुरुवारपासून चर्चच्या घंटा बंद. शनिवारी रात्री सुटतात, आणि रविवारी ईस्टर. त्याला ते मोठी ईद म्हणतात."

मी विचारलं, "म्हणजे सण रविवारी होता?"

"शुक्रवार दुःखाचा, बाय. रविवार उठण्याचा."

शनिवारी दुपारी ते विमानात बसले होते. म्हणजे मी त्यांना जणू सगळे रोजे ठेवायला लावून ईदच्या आदल्या दिवशी परत बोलावलं होतं. तुम्ही बोलला का नाहीत, एवढंच मला विचारता आलं.

"शिक्का बसल्यावर कळलं. आणि तू एवढी खुशीत होतीस." मग अब्बांकडे वळून त्यांनी मासा मागितला.

पुढच्या वर्षी ते कोरा कागद घेऊन आले. मी म्हटलं, दुसऱ्या कुणाकडून तरी लिहून घ्या.

"फळी चुकीची कापली तर फळी बदलायची," ते म्हणाले. "सुतार नाय. यल्ला, लिही."

या वेळी सोमवारपर्यंतची रजा मागितली. तारखा मी त्यांना तीनदा वाचून दाखवल्या. त्यांनी कागदाच्या कडेवरून अंगठा फिरवला. "आता घासायला नको."

त्या रविवारी दुपारी मी कॉलेजात होते. तास संपल्यावर फोनवर त्यांचा आवाजी निरोप दिसला. जिन्याजवळ उभी राहून ऐकला. बराच वेळ नुसत्या घंटा. मग एक बाई मराठीत हसत काहीतरी म्हणाली, ती सिल्विया असणार. शेवटी अंकल, धाप लागल्यासारखे:

"बाय, उठला."