वाळत घातलेल्या सावल्या

न्यूकॅसलच्या एका प्रकाशनात मी मुखपृष्ठं करायचो, म्हणजे मुख्यतः ड्रॅगन काढायचो. हेझल थर्लवेल पलीकडच्या टेबलावर बसून आलेली हस्तलिखितं वाचायची. अनाथ पोरगा, त्याच्या हातावर जन्मखूण, जुनी तलवार, शेवटी लढाई आणि पुढच्या दोन भागांची सोय. अंतराळातली गोष्ट असली तर तलवारीच्या जागी किरणांची बंदूक, बाकी सगळं तेच. संध्याकाळी ती चष्मा काढून नाकावरचे वळ चोळत बसायची. वाचायची आवड म्हणून या कामात आलेली बाई घरी एक पान उघडत नाही, असं तिचा नवराच सांगायचा.

एका नोव्हेंबरात एडना क्रॅग नावाच्या बाईंचं हस्तलिखित आलं. हेझल जेवायला उठली नाही, म्हणून मी बघायला गेलो. गोष्ट कोळ्यांच्या गावची होती. समुद्रात बुडालेल्यांच्या सावल्या तिथे ओहोटीला घरी परततात. बायका त्या गोड्या पाण्यात धुतात, दोरीवर वाळत घालतात. पुढे त्या सावलीबरोबर संसार करायचा की तिला जाऊ द्यायचं, हे जिचं तिने ठरवायचं. राजा नाही, लढाई नाही. हेझलने वाचून झालेली पानं माझ्याकडे सरकवली.

आमचे मालक डंकन, माणूस वाईट नव्हता. त्यांनी सगळं वाचलं, सुरेख आहे म्हणाले, आणि सावल्यांची एखादी फौज करता येईल का, असं विचारलं.

"हेझल, माणूस दिवसभर राबून घरी येतो. त्याला ओळखीचं काहीतरी हवं असतं."

"मीही राबूनच वाचते, डंकन. ओळखीच्याचाच शीण येतो."

तरी निरोप पोचवायचं तिच्याच गळ्यात पडलं. जवळच्याच नॉर्थ शील्ड्स बंदरात एडनाबाईंकडे ती मला सोबत घेऊन गेली. बाई शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेल्या. फौज घातली तर तीन भागांचा करार मिळेल, हे हेझलने खाली बघतच सांगितलं. बाईंनी ढवळता चमचा बशीत ठेवला.

"माझा भाऊ गेला समुद्रात," त्या म्हणाल्या. "त्याला आता लढायला कुठे पाठवू, पोरी? दमून आलाय तो."

हेझलने पुन्हा विचारलं नाही. परतताना म्हणाली की सुटल्यासारखं वाटतंय, आणि हे डंकनना सांगायचं त्राण मात्र अंगात नाही.

शेवटी ते बाड तिने स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांवर राहणाऱ्या दोन बहिणींना पाठवलं. त्या अधूनमधून एखादं पुस्तक छापायच्या. होकार यायला वसंत उलटला. मुखपृष्ठ मी केलं. सवयीने आभाळात पंखांसारखं काहीतरी काढलं होतं, ते हेझलने पुसायला लावलं.

पुस्तक फारसं खपलं नाही. दुकानात ते आमच्याच ड्रॅगनांमागे दबलेलं असायचं. हेझल तिथे गेली की ते ओढून पुढे ठेवायची. एकदा तिला दिसलं, त्या फळीपाशी एक बाई भाजीची पिशवी जमिनीवर टेकवून तेच पुस्तक वाचत उभी होती. हेझल तशीच बाहेर आली.

तू तिच्याशी बोलली का नाहीस, असं मी विचारलं.

"वाचत होती ती," हेझल म्हणाली. "मधे कशाला बोलायचं?"

आणि तिने चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला.