दाव्यानं ठरवलेली हद्द

आण्णांना पाठवलेला तो व्हॉइस मेसेज मी आधी एकदा स्वतः ऐकला असता, तर पुढं दोन दिवस आमच्या घरात अळणी आमटी झाली नसती.

आण्णा म्हणजे आमचे शेजारी. माझ्या वडिलांच्या वयाचे. जन्मभर शेती केली आणि गुडघ्यांनी संप पुकारल्यावर काकूंना घेऊन कळंबात, आमच्या शेजारच्या प्लॉटवर घर बांधून राहिले. दोन घरांच्या मध्ये मोकळी जागा आणि हद्दीच्या दोन टोकांना दोन दगड, बस्स. त्या मोकळ्या जागेतून काकू रोज चहाला आमच्याकडं येत आणि त्याच जागेतून मागच्या वस्तीतल्या शेळ्याही येत. माझ्या बायकोचं ऑपरेशन झालं तेव्हा काकूंनी महिनाभर आम्हाला भाकरी पुरवली. शेळ्यांनी तिचा मोगरा, कढीपत्ता आणि नुकती फुलावर आलेली वांगी खाल्ली. तेव्हा काकू याव्यात आणि शेळ्या येऊ नयेत, एवढंच बायकोचं मागणं होतं.

"जाळी मारा, पण काकूंचं मन दुखलेलं मला चालायचं नाही," तिनं बजावलं. "मला सासरी माहेर मिळालंय ते तेवढंच."

मी आण्णांना रीतसर विचारलं. "टाक की गड्या," ते म्हणाले, "आमचीबी मेथी वाचंल." मला ते कायम अरे-तुरेच करतात.

मग आण्णा एकटेच लेकीकडं भूमला गेले आणि फोन करकरूनही न येणारा मिस्त्री नेमका त्याच दिवशी उगवला. सिमेंटचे खांब, जाळीची गुंडाळी, पहार सगळं घेऊन. दोरी तेवढी विसरून.

"लाइन मारायला दोरी तुमच्याकडं असंलच म्हणलं," तो तंबाखू मळत म्हणाला.

होती. आमच्या गावाकडच्या बैलांच्या वेळचा एक लांबलचक दोर माळ्यावर पडून होता. बैल विकले गेले, पण गॅसची टाकी मोटारसायकलला बांधायला बरा म्हणून दोर राहिला. तो झटकला, एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत ताणला आणि शेतकऱ्याचा मुलगा असल्याच्या अभिमानात मोबाइल तोंडाशी धरला.

"आण्णा, मिस्त्री आलाय, आता थांबत नाही. हद्द दाव्यानंच ठरवून टाकतो. तुम्ही नसलात तरी चालंल."

निळ्या खुणा उमटल्या. उत्तर नाही. मी म्हटलं, झाली संमती.

त्या दिवशी काकू चहाला आल्या नाहीत. संध्याकाळी आमच्या ओट्यावर आमचीच वाटी दिसली. धुतलेली, पुसलेली आणि रिकामी. काकूंकडून आमची वाटी कधी रिकामी आली नव्हती. चिमूटभर का होईना, शेंगदाण्याची चटणी असायचीच.

बायकोनं वाटी उलटीसुलटी करून पाहिली. "तुम्ही काय बोललात त्यांना?"

"काहीच नाही. मिस्त्री आलाय एवढं आण्णांना कळवलं."

"एवढंच कळवलं, तर वाटी अशी कशी आली?"

तिनं मिस्त्रीला परत पाठवलं. आण्णा येईपर्यंत एक खड्डा घ्यायचा नाही. दुसऱ्या दिवशी ती स्वतः काकूंकडं जाऊन आली, तर काकू दारातूनच म्हणाल्या, "ह्यांना येऊ द्या, मग बघू." तेव्हापासून तिनं माझ्याशी बोलणं आणि आमटीत मीठ घालणं, दोन्ही सोडलं.

आण्णा एसटीतून उतरले ते घरी न जाता थेट आमच्याकडं. पिशवीतून लेकीकडं ठेवलेले प्लॉटचे कागद डोकावत होते.

"नमस्कार. बरे आहात का तुम्ही?"

तुम्ही! मी घाईघाईनं खुर्ची पुढं सरकवली, ते बसले नाहीत.

"हद्द दाव्यानंच ठरवणार म्हणालात. वकील कोण दिलाय?" त्यांनी विचारलं.

"वकील? वकील कशाला आण्णा, मिस्त्री आहे की."

"मिस्त्री वकिली करतो व्हय आता? बरं, लावलाय कुठं? कळंबला का धाराशिवला?"

"इथंच की. ह्या दगडापासून त्या दगडापर्यंत."

आण्णांची नजर दगडावरून अजून ताणलेल्याच दोरावर गेली. बायको आतून धावत आली. "आण्णा, हे दावं म्हणतायत! गुरं बांधायचं दावं! कोर्टातला दावा नव्हं!"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. दावं असो की दावा, पुढं 'नं' लागला की दोन्हींचं 'दाव्यानं'च होतं. एकानं गाय बांधतात, दुसऱ्यानं शेजारी.

आण्णा वाकून तो दोर चाचपायला लागले. त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं, म्हातारा रडतोय. बघतो तर हसण्यानं डोळ्यांत पाणी आलेलं.

"अरे गाढवा!"

त्या 'अरे'नं मला इतकं हायसं वाटलं की 'गाढवा' मी आनंदानं सोसला.

"ह्याला दावं म्हणत्यात व्हय? ह्यो कासरा हाय, कासरा! गाडी हाकताना हातात धरायचा! दावं गोठ्यातलं, एवढुसं असतंय. कासऱ्यानं म्हणला असतास, तर लेकीची पुरणपोळी टाकून यस्टीत उभ्यानं आलो असतो का मी?"

मग मिस्त्रीला परत बोलावलं, तर आण्णाच खुर्ची टाकून बसले आणि त्याच्यावर हुकूम सोडू लागले. काकूंनी पायानं माती उकरून आपली रोजची वाट दाखवली, तिथं जाळीचं लहान फाटक बसलं. काम उरकलं त्याच दुपारी काकू ते फाटक ढकलून आल्या. हातात वाटी, वाटीत शिगोशीग चटणी. त्यांच्या मागं एक शेळी जाळीला तोंड लावून आमच्या कढीपत्त्याकडं बघत उभी राहिली. तिचं दुःख मला समजत होतं, पण त्या दिवशी माझ्याकडं सगळ्यांसाठी वेळ नव्हता.

आमटीत मीठ परत आलं. जेवण झाल्यावर मी दोर गुंडाळून माळ्यावर टाकायला निघालो, तर बायकोनं हात पुढं केला.

"तो कासरा इकडं द्या," ती म्हणाली. "यापुढं तो माझ्याच हातात बरा."