तांबड्याच्या पोटातले सोने

तांबड्याने सोने गिळले तेव्हा कसलाही आवाज झाला नाही. पोळ्याची संध्याकाळ होती. तिसगावच्या पुढच्या माळावरून वारा सुटला होता आणि आईच्या ताटातले निरांजन विझू पाहत होते. मी सणाला माहेरी आले होते. शिंगांच्या ताज्या रंगाचा उग्र दर्प, पुरणातल्या जायफळाची ऊब आणि त्या दोहोंखाली गोठ्याचा आंबूस ओलावा अजून माझ्या नाकात आहे.

आमच्याकडे पोळ्याला घरची बाई अंगावरचे सोने बैलाच्या कपाळाला टेकवते आणि मग घास भरवते. आईने मंगळसूत्र गळ्यातून काढले. ज्योत फडफडली, तसे तिने ताट गव्हाणीच्या कडेवर टेकवले, मंगळसूत्र पुरणपोळीवर ठेवले आणि दोन्ही तळव्यांचा आडोसा केला. तेवढ्यात तांबड्याची राखाडी, खरखरीत जीभ पुढे आली. ज्योत वाचली. ताटात तुपाचा एक ओघळ तेवढा चमकत होता.

शेजारी त्याचा जोडीदार ढवळा मान खाली घालून उभा होता. त्या गोंधळात त्याची पाळी आलीच नाही.

पुढचे काही दिवस वडील शेण पाण्यात कालवून चाळत राहिले. आईच्या गळ्यातल्या हळदीच्या दोऱ्याने तिची मान पिवळी पडत गेली. चाळणीत काही आले नाही. अखेर गुरांच्या डॉक्टरांना बोलावले.

"जड वस्तू पुढच्या जाळीदार पोटात जाऊन बसते," ते म्हणाले. "त्याला लागूनच हृदय. मधे नुसता पातळ पडदा. मंगळसूत्राचा आकडा टोचला तर बैल हातचा जाईल. पण दागिना तिथंच आहे, याची खात्री झाल्याशिवाय मी त्याला चिरणार नाही."

"सोनं गेलं तर जाऊ द्या," आई म्हणाली. "पर माज्या हातच्या घासानं जनावर मेलं, असं नको व्हायला."

वडिलांचा चुलतभाऊ एका मंगल कार्यालयाच्या दारावर पहारा करतो. तिथले मेटल डिटेक्टर मागून घेऊन तो एका सकाळी आला. काळे, लांबट, उलथन्याच्या आकाराचे यंत्र. डॉक्टरही आले. वडिलांनी दोन्ही बैलांच्या घुंगरमाळा आणि साखळ्या उतरवल्या. त्या उतरताच गोठा एकाएकी फार शांत झाला.

"वहिनी, दागिना ह्यानंच घातलाय, मग वरात काढू का नवरदेवाची?"

"भावजी, चेष्टा पुरं. फिरवा ते."

यंत्र पाठीवरून, बरगड्यांवरून मुके सरकत गेले. डाव्या कोपराच्या मागे, जिथे श्वासासरशी कातडी हलते, तिथे ते चिरक्या सुरात वाजले.

आईला पटेना. "ते कशालाबी वाजतंय. लग्नात बायकांच्या पिनांना वाजतं."

"आसं व्हय? मग ह्यो ढवळा बगा. ह्यानं तर काय गिळलं न्हाई. हितं वाजलं तर मी मिशी काढीन."

त्याने यंत्र ढवळ्याच्या छातीशी धरले. ते वाजले. आधीपेक्षा लांब, न थांबता.

चुलत्याने यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले, आणि पुन्हा तोच सूर उमटला. मग डॉक्टरांनी एक दांडा मागवला. एक टोक वडिलांच्या हाती दिले आणि दोघांनी तो ढवळ्याच्या छातीखालून हळूच वर उचलला. ढवळा कण्हला. दुखणाईत माणूस अंथरुणातून उठताना कण्हतो, तसा.

"तार," डॉक्टर म्हणाले. "यंदा कडब्याच्या पेंढ्या तारेनं बांधल्या होत्या?"

वडिलांनी होकारार्थी मान हलवली. पेंढ्या कापताना तारेचे तुकडे कडबाकुट्टीत गेले असणार, आणि तिथून गव्हाणीत.

ढवळा हल्ली पुढचे पाय ओट्यावर चढवून, कोपरे फाकवून उभा राहत असे. आत कुणी बोलत असावे आणि तो ऐकत असावा, असा. उतारावर पाऊल टाकायला तो तयार नसे. गळ्याखालची कातडी पाण्याच्या पिशवीसारखी ओथंबली होती. घरात सगळे म्हणत, सुस्तावलाय.

"आधी त्याचं काढा," आई म्हणाली. "तांबड्याचं मागनं बगू."

डॉक्टरांनी ढवळ्याच्या मानेवरची तट्ट फुगलेली शीर बोटाने दाबून पाहिली. बोट उचलल्यावरही ते थोडा वेळ तिच्याकडेच बघत राहिले.

"मावशी, ते सोनं अजून पोटात आहे. ही तार पडदा ओलांडून पुढं गेलीय. आता उघडून उपयोग नाही."

तांबड्याची कूस बधिर करून त्याला उभ्यानेच उघडले. आंबलेल्या चाऱ्याची ऊन वाफ अंगावर आली. खांद्यापर्यंत आत बुडालेला हात बाहेर निघाला, तेव्हा बोटांत मंगळसूत्र लोंबत होते. वाट्या जशाच्या तशा होत्या, आकडा उघडलेला. टाके सुकले आणि तांबडा पुन्हा चाऱ्याला तोंड लावू लागला.

आईने मंगळसूत्र रिठ्याच्या पाण्यात धुतले, पण गळ्यात घातले नाही. कुठलाही सण नसताना तिने पुरण शिजवले, निरांजन लावले. मंगळसूत्र मुठीत घट्ट धरून ती गोठ्यात गेली आणि ते ढवळ्याच्या कपाळाला टेकवले. मग तिने पोळी पुढे केली.

ढवळ्याने ती हुंगली. त्याच्या धापेने पोळीची पातळ कड हलत राहिली. तोंड उघडले नाही. शेजारून तांबडा दावे ताणून त्याच पोळीकडे मान लांब करत होता. आईने हात मागे घेतला नाही.