खोबऱ्याचे साक्षीदार

आमच्या बांधावर एक रायवळ आंबा होता. गर खोबऱ्यासारखा लागायचा, म्हणून त्याला खोबऱ्या म्हणायचे. रस्ता रुंद करायला सरकारनं कोरेगावच्या बाजूची आमची पट्टी घेतली, त्यात तो गेला. जमिनीच्या भावाचं बोलायला वकील होता. झाडाचं मीच बोललो.

मोजणीला आलेल्या साहेबानं विचारलं, "आजोबा, झाडाचं वर्षाचं उत्पन्न किती?"

"काय न्हाई."

"फळ धरत नाही?"

"लय धरतंय. आमी इकत न्हाई."

खरंच होतं ते. आढी उघडली की पाटी आधी वस्तीवर घरोघर जायची, उरले ते आमच्यात. बांधावरचे आंबे घेऊन बाजारात बसणं आमच्या घरात कुणी केलं नाही. फौजेतून सुट्टीवर आलेला थोरला मागून माझा सदरा ओढत होता. "आबा, इकतो म्हणा की." मी म्हणालो नाही. साहेबानं 'जळाऊ लाकूड' लिहिलं. फळझाडाची भरपाई वेगळी, लाकडाची वेगळी, हे थोरल्यानं मला घरापर्यंत सांगितलं. मला राग भरपाईचा नव्हता. माझ्या आज्यानं लावलेल्या झाडाला सरपण म्हणाले, त्याचा होता.

मी हरकत घेतली. दुसरीपर्यंतच शिकलोय, पण अंगठा देत नाही, सही करतो.

सुनावणीला साताऱ्यात साहेब म्हणाले, "विक्रीची पावती नाही. मग फळाला पुरावा काय?"

पुरावा म्हणजे खाणारे. पुढच्या तारखेला मी ट्रॉलीभर वस्ती नेली. एकेक जण उभा राहून घरात किती आंबे यायचे ते सांगू लागला. शेवटी बांधाशेजारचा म्हातारा उठला. पाण्याच्या पाळीवरनं आमचं कैक वर्षं बोलणं नव्हतं. त्याच्या दारात पाटी जात नव्हती. त्याला मी बोलावलंही नव्हतं, एसटीनं आला होता.

"लिवा सायेब. दरसाल पोतंभर."

"यांनी दिले?"

"ह्यो कशाला देतोय. दुपारचा ह्यो जेवाय गेला की मी पाडून न्यायचो."

साहेबानं पेन थांबवलं. "मग चोरी लिहू का?"

"आंबं लिवा," मी म्हणालो. "चोरीचं आमचं आमी बघू."

फळझाड म्हणून नोंद झाली. जिना उतरताना मी म्हाताऱ्याला म्हणालो, "पोतंभर व्हय रं?"

"सायबाम्होरं कमीच सांगितलं."

पुढच्या उन्हाळ्यात मी जन्मात पहिल्यांदा आंबे विकत आणले. निम्मे आंबट निघाले. तरी पाटी घरोघर फिरवली, आधी त्याच्या दारात. त्यानं एक चोखला, कोय हातात धरून बघत राहिला.

"ह्यो खोबऱ्या न्हाई गड्या."

"गप खा," मी म्हणालो.

त्यानं दुसरा उचलला.