नाना, गाठ नीट मारली ना?

सुट्टी आली की आमचा जळगावचा ग्रुप सातपुड्यातल्या एखाद्या धबधब्यावरून दोराने खाली उतरतो. परतताना सोबत ओले बूट असतात आणि एखादा किस्सा. बूट वाळतात, किस्से मात्र साचतच जातात!

ग्रुपचे म्होरके नरडाण्याचे नाना. प्रत्येकाच्या कमरेला बांधलेलं हार्नेस ते स्वतः ओढून बघतात. बँकेतले महाजन साहेब पहिल्यांदा आले ते मोटारसायकलचं बंद हेल्मेट घालून. "एकदम ब्रँडेड आहे, नाना!" धबधब्यात त्या हेल्मेटमध्ये पाणी शिरलं. साहेब गुळण्या करतच खाली पोचले.

नाना म्हणाले, "साहेब, यामा मासा पाळा!"

*

चोपड्याचे रावसाहेब केळीच्या बागेतली दोरी घेऊन आले. "वादळात झाडं धरून ठेवते ही!"

त्या दोरीला दगडांचं पोतं बांधून नानांनी कड्यावरून सोडलं. कपारीवर दोरी घासली, तुटली आणि पोतं थेट डोहात!

रावसाहेबांनी कड्यावरून खाली डोकावून पाहिलं. मग म्हणाले, "पोत्याच्या घरी कोण कळवणार?"

*

प्रतिभा मॅडमची लांब वेणी उतरताना दोराच्या कडीत अडकली. वरून नाना ओरडले, "कात्री पाठवू?"

"मी दिवसभर लटकेन, पण वेणी कापू देणार नाही!"

शेवटी दुसऱ्या दोरावरून मी उतरलो, त्यांचा भार माझ्यावर घेतला आणि वेणी सोडवली. तेव्हापासून नाना प्रत्येकाला विचारतात, "केस आत?" टक्कल पडलेले महाजन साहेबही इमानदारीत सांगतात, "आत!"

*

एकदा दोर कमी पडला. महाजन साहेब दोराच्या टोकाला मारलेल्या गाठीशी येऊन थांबले. खाली नुसते दगड! आम्ही दुसरा दोर सोडेपर्यंत साहेब एकच विचारत होते, "नाना, गाठ तुम्हीच मारली ना? नीट मारली ना?"

*

आणि आमच्या अक्का, म्हणजे नानांच्या सौभाग्यवती. यंदा त्यांनी हट्टच धरला, "मी बी उतरसू!"

खाली दोर धरून स्वतः नाना उभे. "भिऊ नको! दोर मना हातमा शे! पाय फाकाड! खाले नको देखू!" सूचना संपेचनात.

धबधब्याच्या मधोमध अक्का थांबल्या. नानांनी दोर सैल सोडला, तरी हलेनात. नानांनी शिट्टी फुंकली, हात हलवले, हाका मारल्या. दुसरा दोर घेऊन मी निघणार, तेवढ्यात अक्का हळूहळू खाली आल्या. चिंब भिजलेल्या आणि हसत!

नानांनी त्यांचे दोन्ही हात धरले. "काय व्हयनं व? अडकनी व्हती का?"

"नही हो," अक्का म्हणाल्या, "तठे तुमना आवाज येत नव्हता."